घटक ४ : रसिकांची देवाणघेवाण – रॉक संगीतातील ध्वनिमुद्रण, पाठ आणि आस्वाद

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर एकाच गाण्याची स्टुडिओतील, जाहीर कार्यक्रमातील आणि घरगुती ध्वनिमुद्रणातील रूपे एकमेकांपासून कशी वेगळी असतात, हे आपल्याला सांगता येईल. रसिकांनी परस्परांत केलेल्या ध्वनिफितींच्या देवाणघेवाणीकडे ‘पाठ’ आणि ‘पाठभेद’ या परिचित संकल्पनांच्या आधारे पाहता येईल. तसेच आपण ऐकलेल्या संगीताविषयी नेमके आणि विश्वसनीय टिपण लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण ग्रंथपरीक्षण आणि नाट्यपरीक्षण यांचा विचार केला. कादंबरीचे परीक्षण लिहिताना कादंबरी आपल्या हातात असते. नाटकाच्या बाबतीत संहिता एक आणि प्रयोग अनेक, ही अडचण येते; तरीही छापील संहितेचा आधार उरतोच. रॉक संगीताकडे वळलो की हा आधारही डळमळतो. येथे बहुतेक वेळा संगीत लिहून ठेवलेले नसते. ते वाजवलेले असते आणि कोणीतरी ते मुद्रित केलेले असते. मग ‘हे गाणे मला आवडते’ असे म्हणताना आपण नेमके कशाविषयी बोलत असतो? अल्बमवरील गाण्याविषयी, एखाद्या रात्रीच्या सादरीकरणाविषयी, की कलावंताने घरी बसून केलेल्या कच्च्या मुद्रणाविषयी?

हा प्रश्न प्रथम विद्यापीठीय समीक्षकांनी नव्हे, तर सामान्य रसिकांनी गांभीर्याने घेतला. आवडत्या अल्बमची शिफारस करणारे, कार्यक्रमांच्या फिती टपालाने एकमेकांना पाठवणारे, त्यांवर तारीख, ठिकाण आणि गाण्यांचा क्रम बारीक अक्षरात लिहिणारे हे लोक होते. त्यांपैकी फार थोड्यांनी स्वतःला समीक्षक म्हणवून घेतले असते. पण ते करीत असलेले काम पाठचिकित्सेच्या फार जवळचे होते. त्या कामातील थोरवी आणि त्यातील चुका, दोन्ही या घटकात आपल्याला पाहावयाच्या आहेत.

४.३ अल्बम आणि सादरीकरण : ‘मूळ’ कोणते?

अल्बम हे कलावंताने अंतिम म्हणून मान्य केलेले रूप, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे. ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यक्रमानंतर त्यांनी दौरे थांबवले आणि पुढील सुमारे पाच महिने लंडनच्या अॅबी रोड येथील स्टुडिओत ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) हा अल्बम घडवला. त्यातील कित्येक ध्वनी रंगमंचावर निर्माण करणे त्या काळी शक्यच नव्हते. येथे स्टुडिओ हेच वाद्य झाले आणि अल्बम हीच कृती झाली.

पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची कथा मात्र उलट आहे. हा अल्बम मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु ही संपूर्ण रचना हे कलावंत त्याआधी वर्षभर रंगमंचावर सादर करीत होते. लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये फेब्रुवारी १९७२ मध्ये झालेल्या कार्यक्रमाचे अनधिकृत ध्वनिमुद्रण अल्बम येण्यापूर्वीच रसिकांच्या हाती पोहोचले होते. त्या फितीवरील रचना आज आपण ऐकतो तशी नाही. अल्बममध्ये जेथे सिंथेसायझरच्या धावत्या आवर्तनांचा ‘ऑन द रन’ हा भाग येतो, तेथे त्या वेळी गिटार आणि कीबोर्ड यांचे मुक्त वादन होते. जेथे एका स्त्रीचा शब्दहीन आक्रोश येतो, तेथे ऑर्गनच्या पार्श्वभूमीवर धार्मिक वचनांचे मुद्रित पठण होते. ज्याने १९७२ मधली फीत आधी ऐकली आणि अल्बम नंतर, त्याच्या दृष्टीने ‘मूळ’ काय आणि ‘बदल’ काय? अल्बमलाच प्रमाण मानण्याची आपली सवय किती सोयीपुरती असते, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

कलावंतांनाही या अनधिकृत मुद्रणांची भुरळ पडली होती. द हू या वाद्यवृंदाने १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात कार्यक्रम केला आणि त्याचे मुद्रण ‘लाइव्ह अॅट लीड्स’ या नावाने प्रसिद्ध केले. त्याचे वेष्टन मुद्दाम साध्या तपकिरी कागदाचे, वर शिक्का मारल्यासारखे, म्हणजेच चोरट्या तबकडीसारखे केले होते. तबकडीवर येणारी खरखर मूळचीच आहे, ती काढण्याचा प्रयत्न करू नये, अशी सूचनाही त्यावर होती. खरखर हा दोष न राहता प्रामाणिकपणाची खूण ठरली. मूळ तबकडीवर मात्र सहाच गाणी होती. त्या संध्याकाळचा संपूर्ण कार्यक्रम अधिकृतपणे ऐकण्यासाठी रसिकांना पुढील शतकाची वाट पाहावी लागली.

४.४ मँचेस्टरची फीत : एका चुकीच्या मथळ्याची गोष्ट

अनधिकृत ध्वनिमुद्रणासाठी इंग्रजीत ‘बूटलेग’ हा शब्द रूढ आहे. बुटाच्या उंच नळीत लपवून नेलेल्या बेकायदा दारूवरून तो आला. रॉक संगीतातील पहिली गाजलेली बूटलेग तबकडी १९६९ मध्ये लॉस एंजेलिस येथे विक्रीस आली. ती बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची होती आणि तिच्या कोऱ्या पांढऱ्या वेष्टनामुळे ती ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यानंतर थोड्याच काळात डिलनची दुसरी एक तबकडी रसिकांत फिरू लागली. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे.

१९६६ मध्ये डिलन इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात तो एकटाच साधी गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन गात असे. उत्तरार्धात विजेच्या गिटारी, ड्रम आणि ऑर्गन घेऊन त्याचे साथीदार मंचावर येत. लोकगीतांच्या परंपरेतला गायक म्हणून ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते, त्यांना हा उत्तरार्ध म्हणजे विश्वासघात वाटे. एका कार्यक्रमात, शेवटच्या गाण्यापूर्वीच्या शांततेत, श्रोत्यांमधून एक जण ओरडला : ‘जूडास!’ जूडास म्हणजे ख्रिस्ताला शत्रूच्या हवाली करणारा शिष्य. डिलनने, आपला यावर विश्वास नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले, साथीदारांना दणकून वाजवायला सांगितले आणि ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ सुरू झाले.

हा क्षण ध्वनिमुद्रित झाला होता. फितीवरून तबकड्या निघाल्या आणि त्या जगभरच्या रसिकांच्या घरी गेल्या. त्यांवर लिहिलेले असे : ‘रॉयल अल्बर्ट हॉल’. लंडनचे हे प्रसिद्ध सभागृह. डिलनने तेथे त्याच महिन्याच्या शेवटी कार्यक्रम केलेही होते. त्यामुळे कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. नियतकालिकांतून, पुस्तकांतून, रसिकांच्या गप्पांतून ‘अल्बर्ट हॉलमधला तो क्षण’ वर्षानुवर्षे सांगितला गेला.

प्रत्यक्षात ती फीत लंडनची नव्हतीच. ती १७ मे १९६६ रोजी मँचेस्टर येथील फ्री ट्रेड हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाची होती. त्या रात्री हजर असलेल्यांना अर्थातच आपण काय ऐकले ते आठवत होते. त्यांच्यापैकी एक, सी. पी. ली, यांनी पुढे या दौऱ्यावर आणि त्या रात्रीवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ते १९९८ मध्ये आले आणि त्याच वर्षी डिलनच्या ध्वनिमुद्रण कंपनीने तो कार्यक्रम अधिकृतपणे प्रसिद्ध केला. गंमत अशी, की मुखपृष्ठावर ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ हे शब्द कायम राहिले, फक्त अवतरणचिन्हांत. चूक इतकी रुळली होती, की ती दुरुस्त करूनही टाकून देता येईना. पुढे २०१६ मध्ये खऱ्या अल्बर्ट हॉलमधला २६ मे १९६६ चा कार्यक्रम प्रसिद्ध झाला तेव्हा नावात ‘खरा’ असा शब्द घालण्यावाचून प्रकाशकांना गत्यंतर उरले नाही.

आपल्यापैकी ज्यांनी मध्ययुगीन वाङ्मयाचा अभ्यास केला आहे, त्यांना ही कथा अपरिचित वाटणार नाही. एका लेखनिकाने पोथीच्या शेवटी चुकीचे नाव किंवा चुकीचा शक लिहिला, की पुढच्या प्रत्येक प्रतीत तो उतरत जातो. प्रतींची संख्या वाढते तसे चुकीचे बळही वाढते. शंभर प्रतींत तेच लिहिलेले आहे, एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. त्या शंभरही प्रती एकाच सदोष प्रतीवरून उतरलेल्या असू शकतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे हेच तत्त्व आहे : प्रती मोजावयाच्या नसतात, त्यांचे परस्परांशी असलेले नाते शोधावयाचे असते. मँचेस्टरच्या फितीचा प्रश्नही बहुमताने नव्हे, तर साक्षीने आणि पुराव्याने सुटला.

या प्रकरणाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. बूटलेग काढणाऱ्यांनी मथळा चुकवला हे खरे. पण अधिकृत प्रकाशनाआधी जवळपास तीन दशके ही फीत रसिकांच्या कानात जिवंत राहिली, ती त्या चुकीच्या मथळ्याच्या तबकडीमुळेच. कलावंताच्या परवानगीवाचून, त्याला मोबदला न देता केलेल्या या व्यापाराचे समर्थन करता येत नाही. तरीही त्याच्याशिवाय हा इतिहास आपल्याला आज आहे तसा मिळाला असता, असेही म्हणवत नाही. अभ्यासकाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्या लागतात.

४.५ विक्री नव्हे, वाटप : ग्रेटफुल डेडचे श्रोते

बहुतेक वाद्यवृंदांचे व्यवस्थापक श्रोत्यांतील ध्वनिमुद्रण यंत्रांकडे संशयाने पाहत. लेड झेपलिनच्या व्यवस्थापकाने १९७१ साली कॅनडात एकाचे यंत्र चोरटे मुद्रण चालले आहे असे समजून मोडून टाकले. नंतर उघड झाले, की तो मनुष्य सभागृहातील आवाजाची पातळी मोजायला आलेला होता!

कॅलिफोर्नियात १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाची भूमिका पूर्णतः वेगळी होती. त्यांचे कोणतेही दोन कार्यक्रम सारखे नसत. गाण्यांचा क्रम आधी ठरलेला नसे, एकातून दुसरे गाणे उमलत जाई आणि मधला विस्तार उत्स्फूर्त असे. मैफलीचा संस्कार असलेल्या मराठी श्रोत्याला यात काही नवल वाटणार नाही. रॉक संगीतात मात्र हे विरळा होते. १९९५ पर्यंतच्या तीस वर्षांत त्यांनी सुमारे २,३०० कार्यक्रम केले. त्यामुळे ‘तुम्ही हे गाणे ऐकले आहे का?’ हा प्रश्नच त्यांच्या श्रोत्यांना अपुरा वाटे. खरा प्रश्न, ‘कोणत्या रात्रीचे?’ हा होता.

श्रोते कार्यक्रम मुद्रित करून नेत आणि वाद्यवृंद त्याकडे कानाडोळा करी. १९८४ मध्ये तर त्यांनी ध्वनिनियंत्रण मंचाच्या मागची जागा मुद्रण करणाऱ्यांसाठी राखून ठेवली व तिच्यासाठी वेगळी तिकिटे काढली. उंच काठ्यांवर चढवलेल्या मायक्रोफोनचे एक छोटे वनच तेथे उभे राही. अट एकच : फीत विकायची नाही. देवाणघेवाणीची रीतही ठरून गेली होती. ज्याच्याकडे काही देण्यासारखे नाही, अशा नवख्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचे टपालतिकीट पाठवायचे. जुना रसिक त्यांवर मुद्रण करून त्या परत पाठवी. मोबदला म्हणून एवढीच अपेक्षा असे, की पुढे तोही दुसऱ्या कोणासाठी तेच करील.

या व्यवहारातून एक लेखनपद्धती जन्मली, आणि आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. कॅसेटच्या आतील चिठ्ठीवर तारीख, सभागृह, गाव आणि गाण्यांचा क्रम असे. दोन गाणी न थांबता जोडून वाजवली असतील तर त्यांच्यामध्ये बाण काढला जाई. मुद्रण प्रेक्षकांतून केलेले आहे की ध्वनिनियंत्रण मंचावरून घेतलेले, याची नोंद असे. ही प्रत मूळ फितीपासून कितवी आहे, हेही लिहिलेले असे. कारण कॅसेटवरून कॅसेट करताना प्रत्येक पिढीत खरखर वाढते आणि वरच्या पट्टीतील स्वर मंदावत जातात. पाचव्या पिढीची प्रत ऐकून ‘झांजा नीट वाजवल्या नाहीत’ असे मत देणारा श्रोता वादकावर नव्हे, तर फितीवर मत देत असतो.

प्रेक्षकांतील मुद्रण आणि नियंत्रण मंचावरील मुद्रण यांतला भेद थोडा खोलात जाऊन समजून घेऊ. नियंत्रण मंचावर प्रत्येक वाद्याचा व गळ्याचा आवाज मायक्रोफोनमधून थेट येतो, म्हणून ते मुद्रण स्वच्छ असते. पण लहान सभागृहात गिटारचा स्वतःचा ध्वनिवर्धकच इतका मोठा वाजतो, की मंचावरून तो फारसा वाढवावा लागत नाही. परिणामी मंचावरील फितीत गिटार दबलेली आणि गळा पुढे आलेला ऐकू येतो. सभागृहात बसलेल्या कोणीही ते संगीत तसे ऐकलेले नसते. उलट प्रेक्षकांतील फितीत भिंतींवरून परतलेला नाद असतो, टाळ्या असतात, शेजारच्या माणसाचे बोलणे असते. स्वच्छ फीत अधिक खरी, की गोंगाटाची? माझे मत विचाराल तर गाण्याचा अभ्यास करावयाचा असल्यास पहिली आणि त्या रात्रीचा अभ्यास करावयाचा असल्यास दुसरी.

८ मे १९७७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला कार्यक्रम हा या रसिकांचा सर्वांत लाडका. मे महिना असूनही त्या रात्री बाहेर बर्फ पडले, हा तपशीलही आठवणींतून पिढीजात चालत आला आहे. या वाद्यवृंदाच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी त्याचे उत्कृष्ट मुद्रण केले होते. पुढे त्यांच्या ठेवीतल्या फिती भाडे थकल्यामुळे १९८६ मध्ये लिलावात गेल्या, रसिकांच्या हाती लागल्या आणि त्यांच्या प्रती सर्वत्र पसरल्या. २०१२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने या मुद्रणाचा राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समावेश जाहीर केला, आणि अधिकृत प्रकाशनास २०१७ साल उजाडले.

तो कार्यक्रम खरोखर सर्वश्रेष्ठ होता का? रसिकांतच यावर वाद आहे. काहींचे म्हणणे असे, की त्या वसंतातील इतर रात्रीही तितक्याच चांगल्या होत्या; कॉर्नेलची फीत स्वच्छ होती आणि लवकर पसरली, म्हणून ती श्रेष्ठ ठरली. वाङ्मयाच्या इतिहासातही हा प्रश्न आपल्याला भेटतो. जी कृती सहज उपलब्ध असते तिलाच आपण अभिजात म्हणू लागतो की काय, अशी शंका अभ्यासकाने मनात ठेवलेली बरी.

*आपली प्रगती तपासा : आपल्या संग्रहातील किंवा ऐकण्यातील एखादे ध्वनिमुद्रण घ्या. ते कोठे, केव्हा आणि कोणी मुद्रित केले हे आपल्याला कशावरून माहीत आहे? त्या माहितीचा मूळ आधार चार-पाच ओळींत लिहा.*

४.६ खोलीतले ध्वनिमुद्रण

जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकन गायक न्यू जर्सी राज्यातील कोल्ट्स नेक येथे भाड्याच्या घरात राहत होता. नवी गाणी वाद्यवृंदाला शिकवता यावीत, एवढ्यासाठी त्याने आपल्या खोलीत एक कच्चे मुद्रण करायचे ठरवले. साधन होते टीअॅक कंपनीचे चार पट्ट्यांचे कॅसेट यंत्र आणि दोन साधे मायक्रोफोन.

हे यंत्र काय करते ते पाहू. नेहमीच्या कॅसेटच्या फितीवर चार अरुंद पट्ट्या असतात : दोन एका बाजूसाठी, दोन दुसऱ्या बाजूसाठी. या यंत्रात चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरल्या जातात आणि फीत दुप्पट वेगाने धावते, म्हणून साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधरा मिनिटांचेच मुद्रण मावते. लाभ असा, की एकटा मनुष्य दोन पट्ट्यांवर गळा आणि गिटार मुद्रित करून, ते ऐकत ऐकत उरलेल्या दोन पट्ट्यांवर साथीचा स्वर, माउथ ऑर्गन किंवा खंजिरी भरू शकतो. ‘सार्जंट पेपर्स’च्या वेळी अॅबी रोडवरील यंत्रांनाही पट्ट्या चारच होत्या. अर्थात तेथील फीत कितीतरी रुंद होती आणि ती चालवण्यासाठी तंत्रज्ञांचा ताफा होता. तरी अवघ्या पंधरा वर्षांत चार पट्ट्या स्टुडिओतून उठून शयनगृहात येऊन बसल्या, ही घटना लहान नव्हे.

स्प्रिंगस्टीनने ती कॅसेट वेष्टनाविना बरेच दिवस खिशात बाळगली. मग स्टुडिओत वाद्यवृंदासह तीच गाणी वाजवून पाहिली. मुद्रण निर्दोष झाले, पण गाणी हरवली. एकाकी, गुन्ह्याच्या काठावरच्या माणसांची ही गाणी. त्यांच्याभोवती ड्रम आणि पियानो आल्याबरोबर त्यांचा एकटेपणा संपला. अखेर खिशातली कॅसेटच अल्बम म्हणून प्रसिद्ध करण्याचे ठरले. तीवरून तबकडी कोरणे तंत्रज्ञांना फार जड गेले. तरी ३० सप्टेंबर १९८२ रोजी ‘नेब्रास्का’ प्रसिद्ध झाला.

येथे कच्चा मसुदा हाच प्रमाण पाठ ठरला. मात्र घरगुती मुद्रण म्हणजे आपोआप अधिक प्रामाणिक, असा निष्कर्ष कोणी काढू नये. रसिकांच्या बोलण्यात तो वारंवार येतो आणि तो भाबडा आहे. खोलीतही कलावंत निवड करतच असतो. ‘नेब्रास्का’वरील आवाजाला जी दूरची, रिकाम्या घरातली घुमक आहे, ती मिश्रण करताना प्रतिध्वनी यंत्रातून मुद्दाम आणलेली आहे. जो एकटेपणा आपल्याला सहज वाटतो, तोही घडवलेला आहे. त्यामुळे तो खोटा ठरत नाही. कवितेतला साधेपणा कमावलेला असतो म्हणून आपण त्याला खोटा कोठे म्हणतो?

४.७ आपल्याकडील दुवे

मुंबईचा या इतिहासाशी एक थेट संबंध आहे. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत येऊन येथील वादकांबरोबर आपल्या दोन गाण्यांचे मुद्रण केले. ते त्या वेळी प्रसिद्ध झाले नाही. चाळीसहून अधिक वर्षे ते अनधिकृत प्रतींतूनच ऐकले गेले आणि २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे आले. मुंबईच्या स्टुडिओत वाजलेले संगीत मुंबईकर रसिकाला परदेशी बूटलेगवरून ऐकावे लागले, हा योग विलक्षणच.

काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे दुकान २०१६ मध्ये बंद होईपर्यंत अल्बमच्या शोधात असलेल्यांचे ठिकाण होते, तर १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव आणि धोबीतलावचे रंगभवन यांनी प्रत्यक्ष सादरीकरणाची चटक अनेकांना लावली. अभिजात संगीताच्या खाजगी बैठकींचे मुद्रण स्पूलवर जपणाऱ्या आणि विश्वासातल्या माणसालाच त्याची प्रत देणाऱ्या मराठी रसिकांची परंपरा तर आपल्याला माहीतच आहे. रॉकची कॅसेट आणि मैफलीचा स्पूल यांचे श्रोते बहुधा वेगळे. पण वेष्टनावर तारीख लिहिताना दोघांचाही हात सारखाच सावध असे.

४.८ टिपण कसे लिहावे?

आपल्याला एखादे ध्वनिमुद्रण दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचे आहे, असे समजा. विद्यार्थ्यांच्या स्वाध्यायात पुष्कळदा आढळतो, त्या धर्तीचा एक नमुना पाहा :

‘डीप पर्पलचा मेड इन जपान हा अल्बम अप्रतिम आहे. सर्वांचे वादन स्वर्गीय असून गायन काळजाला भिडते. प्रत्येकाने तो एकदा तरी ऐकलाच पाहिजे.’

या टिपणात खोटे काही नाही. पण त्यातले अल्बमचे नाव बदलून दुसरे कोणतेही घातले तरी ते तसेच चालेल. आता दुसरा नमुना पाहा :

‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन हे गाणे स्टुडिओत चार मिनिटांच्या आत संपते. मेड इन जपानमधील रूप १६ ऑगस्ट १९७२ च्या ओसाका येथील कार्यक्रमातील असून ते दहा मिनिटांच्या आसपास जाते. वाढलेला वेळ मुख्यतः मधल्या भागात आहे. रिची ब्लॅकमोर गिटारवर एक लहानसा तुकडा वाजवतो आणि इयन गिलन तोच गळ्यातून परत करतो. आधी मला यात थट्टा वाटली. नंतर तुकडे अवघड होत जातात आणि श्रोते हसणे सोडून ऐकू लागतात. लावणीतल्या ढोलकीच्या सवाल-जवाबाची मला आठवण झाली. फरक हा, की येथे उत्तर देणारा मनुष्याचा गळा आहे, आणि शेवटी तो गिटारच्याही वर निघून जातो. मी हे प्रथम थोरल्या भावाच्या कॅसेटवर ऐकले. तिच्यात श्रोत्यांचा आवाज जवळजवळ नव्हताच. त्यामुळे हसण्याची आणि थांबण्याची ही गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी, सीडी ऐकताना कळली.’

दुसऱ्या टिपणाचे बळ तारखेत आहे, असे वाटण्याचा संभव आहे. तारीख आवश्यक आहे, पण ती केवळ पाया आहे. लेखकाने कोणत्या क्षणी आपले मत बदलले ते सांगितले आहे, आणि आपल्या ऐकण्यात प्रतीमुळे काय उणे राहिले हेही कबूल केले आहे. या कबुलीमुळेच त्याच्या उरलेल्या विधानांवर आपण विश्वास ठेवतो. तुलना करतानाही त्याने साम्यापाशी न थांबता फरक नोंदवला आहे. रॉकला घाईघाईने लावणीच्या किंवा ख्यालाच्या साच्यात बसवून टाकण्याचा मोह मराठी लेखकाला फार होतो, म्हणून ही शेवटची बाब विशेष ध्यानात ठेवावी.

विशेषणे वापरूच नयेत, असा याचा अर्थ नाही. प्रेमाने लिहावे, मात्र ज्याच्यावर प्रेम आहे ते कोणत्या रात्रीचे, हे वाचकाला कळू द्यावे.

४.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न आणि उपक्रम

१. ‘प्रती मोजावयाच्या नसतात, त्यांचे परस्परांशी असलेले नाते शोधावयाचे असते.’ हे विधान मँचेस्टर येथील १९६६ च्या ध्वनिमुद्रणाच्या आधारे स्पष्ट करा.

२. नियंत्रण मंचावरील आणि प्रेक्षकांतील ध्वनिमुद्रणांपैकी आस्वादकाला कोणते अधिक उपयुक्त? या घटकात दिलेले मत आपल्याला मान्य नसल्यास आपली कारणे लिहा.

३. ‘नेब्रास्का’ या अल्बमचे वाद्यवृंदासह केलेले मुद्रण बाजूला ठेवले गेले. एखाद्या मराठी लेखकाने वा कवीने मसुद्यालाच अंतिम रूप मानल्याचे उदाहरण आपल्या वाचनात असल्यास त्याची याच्याशी तुलना करा.

४. उपक्रम : आपल्या घरात किंवा ओळखीत एखादी जुनी कॅसेट अथवा स्पूल असेल, भजनी मंडळाची, लग्नातल्या मंगलाष्टकांची, गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदाची किंवा एखाद्या गिटारप्रेमी नातेवाइकाने खोलीत केलेल्या मुद्रणाची. ती ऐका. वेष्टनावर लिहिलेली माहिती प्रथम जशीच्या तशी उतरवून घ्या. नंतर त्या वेळी हजर असलेल्या किमान दोन व्यक्तींना भेटून ती पडताळा. दोघांच्या सांगण्यात फरक पडल्यास तो न मिटवता दोन्ही आठवणी नोंदवा आणि सुमारे ३०० शब्दांचे टिपण अभ्यासकेंद्रावर समंत्रकांना दाखवा.